पावसाआधी डबा उघडा



मे महिना सरत आला की आपल्याकडे आगोटीची घाई उडते. कौलं परतून होतात, लाकडं पडवीत येतात, मीठ, डाळी, सुकी मासळी भरून ठेवली जाते. या गडबडीत टेबलाखालच्या कॉम्प्युटरकडे मात्र कुणी बघत नाही. मग जुलैत आमच्या दुकानात एकेक डबा येऊ लागतो. तक्रार ठरलेली: “काल रात्रीपर्यंत चालू होता हो. आज नुसता फॅन फिरतोय, डिस्प्लेच येत नाही.” रत्नागिरीत हे दुरुस्तीचं काम बरीच वर्षं करतोय, त्यावरून सांगतो. यातल्या पुष्कळ मशीनचं काहीच जळालेलं नसतं. त्यांना आपल्याकडची हवा लागलेली असते.

घाटावर कॉम्प्युटरचा शत्रू म्हणजे धूळ. आपल्याकडे धुळीच्या जोडीला मीठ. मांडवी, भाट्ये, मिरकरवाडा या पट्ट्यात खारा वारा थेट घरात येतो आणि सीपीयूचा फॅन तो दिवसभर आत ओढत राहतो. मिठाचे बारीक कण मदरबोर्डवर बसतात. कोरड्या दिवसांत त्यांचा फारसा त्रास नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. जूनमध्ये मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. मदरबोर्डवरही तेच घडतं. आणि खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे जिथे प्रवाह जायला नको तिथेही तो जाऊ लागतो.

यात आपली एक सवय भर घालते. शटडाउन केलं म्हणजे मशीन बंद झालं असं आपण समजतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, 5 व्होल्टचा पुरवठा मदरबोर्डला रात्रभर मिळतच असतो. ओल, मीठ आणि वीज एकत्र आली की तांबं हिरवं पडायला लागतं. म्हणून शटडाउननंतर भिंतीवरचं बटण बंद करा. मात्र पावसाळाभर मशीन अजिबात न लावणं हेही वाईट. रोज तासभर तरी चालवा. आतल्या भागांच्या उष्णतेनंच ओल हटते.

आता पावसाआधी घरच्या घरी काय करता येईल ते सांगतो. आधी प्लग काढा आणि मग सीपीयूचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते. डाव्या बाजूचं झाकण उघडा. धूळ उडवायला घरातला हेअर ड्रायर गार हवेवर चालतो, पण ब्लोअर मिळाला तर उत्तम. एक पथ्य मात्र पाळा. हवा मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या जोरावर तो भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होतं आणि फिरता फॅन उलट वीजही तयार करतो.

मग रॅम. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते. उजेडाकडे तिरपी धरा. नव्या पट्टीचे दात लखलखीत दिसतात, पावसाळे पाहिलेल्या पट्टीवर धुरकट, तपकिरी साय आलेली असते. ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीचं मूळ बरेचदा या सायीतच असतं. शाळेतलं पांढरं, मऊ खोडरबर घ्या आणि दातांवरून एकाच दिशेनं हलकेच फिरवा. सँडपेपर नको, सोन्याचा मुलामा निघून जाईल. खोडरबराचा चुरा ब्रशनं झटका, पट्टीची खाच जुळवा आणि दोन्ही बाजूंना सारखा दाब द्या. दोन्ही खिट्ट्या टक्‌ करून मिटल्या की पट्टी बसली. एकच मिटली तर बसलेली नाही.

प्रोसेसरवरचा हीट सिंक मात्र सरावाशिवाय काढू नका. त्याच्याखाली पेस्ट असते, ती काही वर्षांत सुकून भुकटी होते. मग उष्णता वर चढत नाही, प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आधी मंद होतो आणि शेवटी मशीन बंद पाडतो. ‘सुरू होतो, दहा मिनिटांत बंद पडतो’ अशी तक्रार असेल तर आधी इथे बघायचं. नवी पेस्ट वाटाण्याहून लहान ठिपक्याएवढी पुरते. आणि एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 320 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो लगेच उतरत नाही.

एक छोटी गोष्ट राहिली, मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल. त्याचं नाव सीआर 2032, दाब 3 व्होल्ट. तो संपला की मशीन सुरू होताना तारीख कित्येक वर्षं मागे जाते. वेबसाइटची सुरक्षा तारखेवर तपासली जाते, त्यामुळे बँकेचं पान उघडेनासं होतं. मग माणसं इंटरनेटवाल्याला फोन करतात, वायरमनला बोलावतात. दोष असतो त्या सेलमध्ये.

अर्थिंगकडे आपण सर्वात कमी लक्ष देतो. आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ती पाण्यानं भरलेली असते, पण जांभा पाणी धरून ठेवत नाही. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे महिन्यात ठणठणीत कोरडा होतो, आणि कोरडी जमीन वीज नीट पोटात घेत नाही. नेमक्या याच दिवसांत वळवाच्या विजा कडाडतात. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून दोन-चार बादल्या पाणी ओता. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तो अर्थिंगचाच निरोप समजा आणि वायरमनला दाखवा. वीज कडाडायला लागली की नुसता प्लग काढून भागत नाही. ब्रॉडबँडची तांब्याची तार आणि राउटरकडून येणारी केबल, तीही काढा. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचे मदरबोर्ड या केबलवाटे गेलेले आम्ही पाहतो.

सीपीयूच्या मागच्या बाजूला कार्डच्या रिकाम्या जागा झाकणाऱ्या पट्ट्या असतात. त्यातली एखादी निघाली असेल तर बसवून घ्या. पावसात पाल ऊब शोधत तिथूनच आत शिरते. एसएमपीएसमध्ये गेली तर तीही जाते आणि एसएमपीएसही.

आता मुंबईकर मंडळींसाठी. गावचं घर जूनपासून बंद असतं, गणपतीला उघडतं. मुलं पहिल्याच दिवशी कॉम्प्युटर लावतात आणि तो तिथेच बसतो. तीन महिने ओल प्यायलेल्या मशीनला एकदम वीज देऊ नका. झाकण उघडून दिवसभर पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, रॅम पुसा आणि मगच बटण दाबा. गौरी येईपर्यंत थांबायची गरज नाही, एक दिवस पुरतो.

आणि पाणी खरोखरच घरात शिरलं तर? 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानांतले, दवाखान्यांतले कॉम्प्युटर चिखलात गेले. अशा वेळी पाणी ओसरल्यावर ‘चालतंय का बघू’ म्हणून बटण दाबण्याचा मोह होतो. तो टाळा. पाण्यानं भिजून मदरबोर्ड मरतोच असं नाही, भिजलेल्या मदरबोर्डला वीज दिली की मात्र मरतो. आधी मदरबोर्डवरचा सेल काढा. मदरबोर्ड आणि रॅम स्वच्छ पाण्यानं धुऊन चिखल काढा, शक्य तर शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं, आणि बरेच दिवस सावलीत सुकू द्या. हार्ड डिस्कचा नियम याच्या अगदी उलटा. ती उन्हात ठेवू नका, सुकवू नका, उघडू तर मुळीच नका. आत शिरलेला चिखल सुकला की चकतीला चिकटून बसतो. भिजलेली डिस्क तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा काढून देणाऱ्याकडे पाठवा. दुकानाची बिलं, उधारीचे हिशेब त्याच चकतीवर असतात. मशीन दुसरं मिळेल, ते मिळणार नाहीत. म्हणूनच महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पावसाआधी दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क दुसऱ्या घरात ठेवा. त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली प्रत पुरात कामाची नाही.

शेवटचा मुद्दा जुन्या मशीनचा. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला आणि कित्येक चांगले डेस्कटॉप विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत म्हणून बाजूला पडले. ते भंगारात देण्याआधी विचार करा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, रॅम वाढवली आणि उबंटूसारखी लिनक्सची एखादी मोफत प्रणाली टाकली, तर मुलांचा अभ्यास, टायपिंग, ऑनलाइन अर्ज ही कामं त्यावर आणखी काही वर्षं होतात. जे खरंच मेलं असेल ते परसात किंवा वहाळात टाकू नका. त्यात शिसं असतं, ते पावसाबरोबर विहिरीकडे जातं. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. ते सामान नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं.

आणि दुरुस्तीला मशीन द्याल तेव्हा दोन गोष्टी मागून घ्या. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. रॅम पुसून, सेल तपासून, दुसरा एसएमपीएस लावून बघण्याआधीच कुणी “मदरबोर्ड गेला” असं सांगत असेल, तर पैसे खिशातच ठेवा आणि मशीन दुसऱ्या दुकानात दाखवा.