दगडी अननस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"तुम्ही परदेशी जाऊन आलात, चार शब्द बोला," असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी डोळ्यांनी पाहिले आणि मुलीने वाचून समजावले, तेवढेच सांगते.

माझी मुलगी एडिंबरोला शिकते. तिने मला स्कॉटलंडातील डनमोर येथले एक जुने बागघर दाखवले. तिकडे बड्या लोकांच्या गावाकडच्या वाड्याभोवती मोठी बाग असे, आणि बागेत अशी एखादी हौसेची इमारत. या बागघराच्या माथ्यावर चक्क दगडी अननस आहे! उंची सुमारे 45 फूट. आत अठकोनी खोली, आणि खिडक्यांच्या कमानींतूनच वर पाने फुटलेली. खाली दारावर 1761 साल कोरले आहे. मालक होते डनमोरचे चौथे अर्ल, जॉन मरे. ते पुढे अमेरिकेत व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले.

आपल्याकडे अननस पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला. नावही त्यांच्याकडूनच आले. गोव्या-कोकणात तो परसात वाढतो. त्या थंड मुलखात मात्र तो फक्त श्रीमंतांचा. त्याला काचेचे घर आणि सतत ऊब हवी. म्हणून इथली भिंत पोकळ बांधली आणि तिच्यातून भट्टीची गरम हवा खेळवली. मग धूर कुठे गेला? भिंतीवर सुबक दगडी कलश दिसतात ना, तीच धुराडी!

तिथे मी थबकले. पाहुण्यांनी कलश पाहावेत, धूर पाहू नये. पण थंडीच्या रात्री उठून भट्टीत कोळसा कोण घालीत असेल? माळ्यांच्या खोल्या तिथेच दोन्ही अंगांना आहेत.

मैत्रिणींनो, माझी शाळा सुटली ती चुलीपायी. आई आजारी, धाकटी भावंडे लहान. पुढे सासरीही बरीच वर्षे चूलच होती. पंगतीत पुरणपोळीचे कौतुक होई आणि धूर माझ्या डोळ्यांत जाई. त्यामुळे ते कलश मला ओळखीचे वाटले.

त्या अननसाच्या एकेका पानाला पाणी निघून जायची वाट ठेवली आहे. पाणी साचून गोठले, तर दगड फुटायचा. एवढी काळजी घेतली म्हणून तो टिकला. एकोणिसाव्या शतकात बांधलेला डनमोरचा मोठा वाडा आज पडका आहे. बागघराची 1970 च्या दशकात लँडमार्क ट्रस्टने डागडुजी केली. आता तिथे लोक भाड्याने चार दिवस राहतात. मालकाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण हा अननस आखला कोणी, त्याची नोंद नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची नावे दरवर्षी छापतो, ते योग्यच आहे. यंदापासून वर्धापनदिनाचा स्वयंपाक करणाऱ्या आणि मागची भांडी घासणाऱ्या भगिनींचीही नावे छापावीत. एका पानाचा तर प्रश्न आहे.

काही चुकले असल्यास क्षमा करावी.