कूलंट मुरते कुठे?

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांवर जातो, तेव्हा जुन्या गाडीच्या कूलंटकडे लक्ष हवेच. टाकीतली पातळी दर आठवड्याला उतरत असेल, तर गळती आहे असे समजा.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा. एसीचे पाणी रंगहीन असते; कूलंट हिरवे किंवा लालसर आणि बोटाला बुळबुळीत लागते. पुठ्ठा कोरडा निघाला, तरी निर्धास्त होऊ नका. इंजिन तापल्यावर दाब वाढतो आणि बारीक चीर तेव्हाच उघडते. गरम लोखंडावर पडलेला थेंब सुकून जातो, मागे रंगीत पापुद्रा उरतो. तो होजच्या क्लॅम्पपाशी, रेडिएटरच्या सांध्यांवर आणि वॉटर पंपाखालच्या छोट्या छिद्राजवळ शोधा. पायाशी कार्पेट ओले असेल, तर हीटरचा कोअर तपासा. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि ऑइल दुधाळ झालेले दिसले, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. अशी गाडी चालवू नका.

गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनात हातपंपाने दाब भरतात आणि गळती समोर येते.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय आडरस्त्यावर एखाद्या वेळी तारून नेईल, पण तिचा गाळ बारीक नळ्या बुजवतो. बोअरच्या जड पाण्याने क्षार साचतात. कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच मिसळा.

आणि कृपा करून, तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका.