एक आण्याचा हिस्सा

(आकाशवाणीवरील भाषण)



शहरातल्या वकिलाला एक मोठी सोय असते. दावा संपला की समोरचा पक्षकार त्याच्या आयुष्यातून निघून जातो. उलटतपासात ज्याला घाम फोडला, तो संध्याकाळी भाजी घेताना शेजारी उभा राहत नाही. तालुक्याच्या वकिलाला ही सोय नाही. सकाळी ज्याला भर कोर्टात ‘तुम्ही धादांत खोटं सांगताय’ असं सुनवायचं, दुपारी त्याच्याच पुतणीच्या लग्नात अक्षता टाकायच्या आणि त्याचा आग्रह सोसत पानात आणखी एक जिलबी घ्यायची.

माझ्या वडिलांनी राजापूरला उभा जन्म अशी वकिली केली. आम्ही घरचे त्यांना नाना म्हणायचो, पुढे सगळा गावच म्हणायला लागला. आज त्यांच्याविषयी बोलायचंय, पण गुणगान करायला मी इथे बसलेली नाही. मीही वकीलच आहे. साक्षीदाराची बाजू फार स्वच्छ दिसायला लागली की मला संशय येतो.

नाना पुण्याला कायदा शिकले. तिथेच राहायचा विचार होता, पण पाठचा भाऊ शिकायचा होता, बहीण लग्नाची होती. सनद घेऊन परत आले. तेव्हा कूळकायद्याची धामधूम चालू होती. कायदा 1948 चा, पण खरा हादरा बसला तो 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनाला. त्या दिवसापासून कसणारं कूळ हे जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. मग किंमत ठरवण्यासाठी कलम 32-ग च्या नोटिसा निघाल्या आणि ज्यांनी कधी कचेरीची पायरी चढली नव्हती ती माणसं हातात कागद घेऊन वकील शोधायला लागली. आमची भातशेतीही कुळाकडे गेली. त्याच कुळाची दुसऱ्या एका मालकाकडे थोडी जमीन होती, तिच्या चौकशीत त्याच्या बाजूनं नाना उभे राहिले. आजोबा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. जेवताना आईच्या मार्फत बोलायचे, ‘त्याला म्हणावं, आमटी वाढून घे.’

कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय सांगू? चार गुंठ्यांचा तुकडा आणि नावं पंचवीस. त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारस लावलेले नाहीत, उरलेली परळ-लालबागला. प्रत्येकाचा हिस्सा आणे-पैमध्ये लिहिलेला. रुपयाचे शंभर पैसे झाले तरी आमच्या सातबाऱ्यावर सोळा आणे मुक्कामाला आहेतच. पुढे कोकण रेल्वेसाठी जमिनी संपादन झाल्या तेव्हा ज्या वरकस जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, तिच्यावर अचानक सगळ्यांचं प्रेम उतू आलं. भरपाई एक आणि सहहिस्सेदार पंचवीस. नानांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी पुढच्या वर्षी येणार होती, पण भांडण आगाऊ आरक्षण करून आलं होतं.

तालुक्याच्या कोर्टात बांध आणि गडगे एवढ्यापुरतेच दावे चालतात असं मात्र कोणी समजू नये. चवदार तळ्याचा दावा 12 डिसेंबर 1927 ला महाडच्याच दिवाणी कोर्टात दाखल झाला होता, बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्रतिवादी. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. तो 1928 च्या फेब्रुवारीत उठला खरा, पण उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला 1937 चा मार्च उजाडला. एका तळ्याच्या पाण्याला नऊ वर्षांहून अधिक! नाना हा दावा नवशिक्या वकिलांना सांगायचे, तो दोन गोष्टींसाठी. मनाई हुकूम किती पटकन मिळतो ते पाहा, आणि न्याय किती सावकाश येतो तेही पाहा. नानांच्या काळी आमच्याकडे पहिलं अपील रत्नागिरीला, दुसरं मुंबईला. आता 2025 च्या ऑगस्टपासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतंय आणि आपल्या जिल्ह्याचं काम तिकडे जातंय. त्या वेळी दुसरं अपील म्हणजे रात्रीची एसटी, मुंबईच्या वकिलाची फी आणि चाळीतल्या नातेवाइकाकडे पथारी. गरीब पक्षकार खालच्या कोर्टात जिंकूनही वर हरायचा, तो असा.

म्हणून नानांचा सगळा भर आमच्या ओसरीवरच्या तडजोडींवर. लोकन्यायालयाचा कायदा 1987 चा, तो अमलात आला 1995 ला. ओसरी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. मुंबईहून चाकरमानी गणपतीला येतात, त्यांच्याबरोबर त्यांचे तंटेही येतात. कारण सगळे भाऊ एका छपराखाली सापडतात ते तेवढ्याच दिवसांत. पहिला दिवस पूजेचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहाचं मोठं पातेलं काढायची.

नानांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘पाणी कुठून आणता?’ मुंबईहून आलेले भाऊ गोंधळून जायचे. ते हिशेब करून आलेले असायचे गुंठ्यांचा, भिंतींचा, कौलांचा. नाना कोऱ्या कागदावर आधी विहीर काढायचे. मग विहिरीपासून दोन्ही चुलींपर्यंतची वाट, मग गोठा, शेणकीची जागा, पावसाचं पाणी कुणाच्या अंगणातून जातं ती पन्हळ. घर सगळ्यांत शेवटी. विहिरीची वाट कागदावर आली नसेल तर ते वाटणीपत्र चुलीत घाला, असं त्यांचं मत. कारण माजघरातून भिंत घातली तरी माणसं निभावतात, पण भावजयीनं हंडा घेऊन जाताना कुणी आडवं लाकूड टाकलं की फौजदारी होते. कागद झाला तरी ते तेवढ्यावर थांबत नसत. टेप घेऊन स्वतः जागेवर जायचे, पावसात, धोतर वर खोचून. मीही कधी कधी टेपचं दुसरं टोक धरायला असायचे. बांधावरच्या आंब्याचं खोड कुणाकडे आणि फांद्या कुणाकडे, हे त्यांनी वाटणीपत्रात इतकं बारीक लिहिलेलं असायचं की वाचून झाड डोळ्यांसमोर उभं राहावं.

सार्वजनिक कामांची यादी वाचत नाही. वाचनालय, शाळेची संस्था, देवस्थानाचे कागद, हे सगळं होतंच. तालुक्याच्या गावात ज्याला अर्ज लिहिता येतो त्याची यातून सुटका नसते. फीचं म्हणाल तर डायरीत ‘येणे’ असा एक रकाना होता, तो दरवर्षी नव्या डायरीत उतरवून काढायचं काम माझ्याकडे असे.

पण पुराचं सांगते. राजापूरला अर्जुना आणि कोदवली भरल्या की पाणी जवाहर चौकात येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. नानांचं ऑफिस बाजारपेठेत, तळमजल्यावर. एका वर्षी रात्रीच पाणी चढायला लागलं. नाना आणि त्यांचे कारकून गुडघाभर पाण्यातून दप्तरं माळ्यावर टाकत होते. शेजारचं ऑफिस दुसऱ्या वकिलांचं, ते परगावी गेलेले. नानांनी त्यांचं कुलूप तोडलं आणि त्यांचीही दप्तरं वर चढवली. त्यात निदान तीन दावे असे होते ज्यांत हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे होते. सकाळी कारकून हळूच म्हणाला, ‘नाना, त्या कैफियतीत काय लिहिलंय ते बघायचं तरी!’ नाना म्हणाले, ‘भिजलेली होती, वाचता येत नव्हती.’ ती भिजलेली नव्हती.

ही सगळी भिडेची किमया. उद्या तोंड दाखवायचंय, म्हणून माणूस आज जपून वागतो. नानांच्या तडजोडी टिकल्या त्या याच जोरावर. आता दुसरी बाजू. भीड वाटते ती समोर भेटणाऱ्या माणसाची. जे माणूस गावात नाही, पंगतीला नाही, त्याचं काय?

ओसरीवरच्या प्रत्येक वाटणीत असं एक माणूस असायचं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली बहीण. भावाभावांचं जुळत आलं की शेवटी कुणीतरी म्हणायचं, ‘ताई काय, सही करून देईलच.’ मग हक्कसोडपत्र. बहिणीला कागद वाचून दाखवला जायचा, पण तिचा हिस्सा किती होता हे त्यात कुठे लिहिलेलं नसायचं. तिला साडी आणि परतीचं तिकीट मिळायचं. नानांनी अशी हक्कसोडपत्रं ढिगानं केली. कायद्यानं ती बिनचूक होती. न्यायाधीश कधी बोट ठेवू शकले नसते. मी ठेवते.

आजोबा गेले ते 1980 च्या सुमारास. घराची वाटणी करायची वेळ आली आणि नानांनी सवयीप्रमाणे आत्यासाठी हक्कसोडपत्राचा मसुदा केला. आत्या आली, चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, ‘दादा, मी सोडते, पण काय सोडते ते आधी सांग.’

नानांनी कागद ओढला. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा. वडिलोपार्जित मिळकत. आजोबांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं, म्हणजे आजोबा, आजी आणि दोन मुलगे मिळून चार हिस्से, प्रत्येकी चार आणे. मुलगी त्या वाटणीत नाहीच. मग आजोबांच्या चार आण्यांचे चार वारस, आजी, दोन मुलगे आणि मुलगी, प्रत्येकी एक आणा. बेरीज अशी झाली की आजीला पाच आणे, नानांना पाच, काकांना पाच आणि आत्याला एक. शिवाय कलम 23 असं की भाऊ स्वतः वाटप मागत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घराचं वाटप मागता येत नाही. इतक्या वर्षांच्या वकिलीत हे गणित त्यांनी शेकडो वेळा केलं असेल. ज्या बाईचा तो आणा, तिच्यासमोर बसून पहिल्यांदाच करत होते.

आत्या म्हणाली, ‘पाचाला एक? आणि तोही मीच सोडायचा?’ मग थोडं थांबून, ‘विहिरीमागची तीन कलमं माझ्या नावानं लिही.’

लिहिली. हापूसची तीन कलमं, त्यांच्याकडे जायची वाट आणि फळ उतरवण्याचा हक्क, सगळं नानांच्या बारीक पद्धतीनं. काका रागावले, काकू जास्त. पुढे कायदा बदलला. 1994 च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीनं मुलींना जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 ला केंद्राच्या दुरुस्तीनं तो भेदही काढला आणि कलम 23 गेलं. आत्याच्या कामी यातलं काहीच आलं नाही, तिची वाटणी होऊन गेलेली होती.

नानांनी मात्र तेव्हापासून एक पद्धत घातली. हक्कसोडपत्र करायचं असेल तर भावांनी बाहेर ओसरीवर बसायचं आणि बहिणीनं आत माजघरात, आईजवळ. नाना आत जाऊन तिचा हिस्सा आकड्यात सांगायचे, शक्य असेल तर झाडांत आणि खोल्यांत सांगायचे, मग विचारायचे, ‘आता सही करणार का?’ बऱ्याच जणी तरीही करायच्या, माहेर तुटायला नको म्हणून. काही जणी म्हणायच्या, उद्या सांगते. त्या उद्या पुन्हा कधी आल्या नाहीत आणि त्यांचे भाऊ दुसऱ्या वकिलांकडे गेले. ही बातमी तालुक्यात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या गणपतीला आमच्या ओसरीवर गर्दी निम्मीसुद्धा नव्हती. नाना दोनदा उठून रस्त्याकडे बघून आले. आईनं चहाचं मोठं पातेलं परत फडताळात ठेवलं आणि म्हणाली, ‘बरं झालं, यंदा साखर पुरेल.’