रुग्णसेवा आणि हिशेबाची वही



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. गेल्या पन्नास वर्षांत या वेदीसमोर किती बाळांचे बाप्तिस्मे झाले, किती जोडप्यांनीं लग्नाच्या शपथा घेतल्या आणि किती जणांस आपण येथून अखेरचा निरोप दिला, हें सारें चर्चच्या जाडजूड वह्यांत लिहिलेलें आहे. आज आम्हांस बोलावयाचें आहे तें अशाच वह्यांविषयीं; मात्र त्या रुग्णांच्या वह्या होत. रुग्णाची सेवा प्रेमानें करावी, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण ती सेवा खरोखर लागू पडली कीं नाहीं, हें मोजून पाहणें हाही प्रेमाचाच भाग आहे, एवढेंच आमचें आजचें सांगणें आहे.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण सर्व जाणतों. वाटमाऱ्यांनीं अर्धमेला करून टाकलेल्या वाटसराच्या जखमांवर त्यानें तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या आणि त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें. येथवर आपलें सर्वांचें लक्ष असतें. गोष्टीचा शेवट मात्र पुष्कळदां आपल्या नजरेंतून निसटतो. दुसरे दिवशीं निघतांना त्यानें उतारशाळेच्या मालकास पैसे दिले, आणि अधिक कांहीं खर्च झाला तर आपण परत येऊं तेव्हां तो फेडूं, असें सांगितलें. म्हणजे तो परत येणार होता! आपण बांधलेल्या पट्टीखालची जखम भरली कीं चिघळली, हें तो आपल्या डोळ्यांनीं पाहणार होता. वैद्यकशास्त्रांत ज्यास संशोधन, पुरावा, आंकडेवारी अशीं भारदस्त नांवें आहेत, त्याचें मूळ या परत येण्यांतच आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां एक खरी घडलेली हकीकत ऐका. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागांत डॉक्टर व वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत; दुसऱ्यांत सुइणी शिकत. सन १८४६ मध्यें पहिल्या विभागांत ४,०१० बाळंतपणें झालीं आणि ४५९ माता सूतिकाज्वरानें दगावल्या. म्हणजे शंभरांमागें अकराहून अधिक. दुसऱ्या विभागांत ३,७५४ बाळंतपणें होऊन १०५ माता गेल्या. म्हणजे शंभरांमागें तीनही नाहींत. शहरांतल्या गरीब बायांना हा भेद पुरता ठाऊक होता. पहिल्या विभागांत घालूं नका म्हणून त्या गुडघे टेकून, हात जोडून विनवीत. ज्या रस्त्यांतच बाळंत होऊन मग दाखल होत, त्यासुद्धां पहिल्या विभागांतील बायांपेक्षां अधिक वांचत. विद्वान् मंडळी मात्र हवेंतील दोष, अंगाची प्रकृति, मनाची भीति अशीं कारणें सांगून स्वस्थ बसली होती.

त्या विभागांत इग्नाझ सेमेलवाइस या नांवाचा एक हंगेरियन तरुण डॉक्टर होता. त्यास स्वस्थ बसवेना. त्यानें एकेक कारण हातीं घेऊन पारखण्यास आरंभ केला. त्यांतील एक कारण तर आपणां कॅथॉलिक लोकांस विशेष ऐकण्यासारखें आहे. मरणोन्मुख बाईस पवित्र साक्रामेंत देण्यास धर्मगुरु येत, तेव्हां त्यांच्यापुढें एक सेवक घंटा वाजवीत चाले. पहिल्या विभागाची रचना अशी होती कीं, आजाऱ्यांच्या खोलीपर्यंत जाण्यास त्यांना बाळंतिणींच्या खाटांमधूनच जावें लागे. ती घंटा ऐकून बायांच्या पोटांत भीतीचा गोळा उठतो, आणि त्या भीतीनेंच त्या मरतात, असें कांहींचें म्हणणें होतें. सेमेलवाइस यानें धर्मगुरूंस विनंती केली. त्यांनींही ती मान्य केली आणि घंटा न वाजवितां दुसऱ्या वाटेनें ते मुकाट्यानें येऊं लागले. मृत्यूंची संख्या तसूभरही कमी झाली नाहीं. याप्रमाणें घंटा निर्दोष ठरली. बाळंतिणीस कुशीवर निजवून पाहिलें, त्यानेंही कांहीं झालें नाहीं. कारण चुकीचें ठरलें म्हणून तो रागावला नाहीं. तें सोडून तो पुढच्या कारणाकडे वळला. शोध करणाऱ्यास हीच वृत्ति लागते.

सन १८४७ च्या मार्च महिन्यांत त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेचका हा वारला. शवविच्छेदन चालू असतां एका विद्यार्थ्याच्या सुरीचें टोंक त्याच्या बोटास लागलें होतें. त्याच्या देहांत आढळलेल्या खुणा बाळंतिणींच्या देहांतील खुणांसारख्याच होत्या. सेमेलवाइस याच्या मनांत लख्ख प्रकाश पडला. पहिल्या विभागांतील डॉक्टर व विद्यार्थी सकाळीं शवें फाडीत आणि त्याच हातांनीं बाळंतिणींस तपासावयास येत. सुइणींचा शवांशीं संबंध नव्हता. त्यानें मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. सन १८४८ मध्यें त्याच विभागांत ३,५५६ बाळंतपणांत ४५ माता दगावल्या. शंभरांमागें एकाहून किंचित् अधिक.

या आंकड्यांतून निघालेला निष्कर्ष किती कठोर होता, हें ध्यानांत घ्या. जे हात बरें करण्यासाठीं पुढें होत होते, तेच हात मरण वाटीत होते. सेमेलवाइस यानें पुढें आपल्या ग्रंथांत स्वतःसही यांतून वगळलें नाहीं. आपल्या हातूनही कित्येक बाया अकालीं गेल्या, हें त्यानें मोकळेपणीं लिहिलें. आपण पापनिवेदनास जातों तेव्हां जें धैर्य लागतें, तेंच हें धैर्य. परंतु त्याच्या अनेक समव्यवसायी लोकांस तें झालें नाहीं. आमचे हात अस्वच्छ म्हणणारा हा कोण, असें त्यांस वाटलें. त्याचाही कांहीं दोष होताच. त्यानें आपला ग्रंथ सन १८६१ पर्यंत प्रसिद्ध केला नाहीं, आणि पुढें विरोधकांस उघड पत्रें लिहून खुनी म्हटलें. सन १८६५ मध्यें वेड्यांच्या इस्पितळांत वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षीं तो मरण पावला. सत्य हातीं असूनही तें दुसऱ्याच्या गळीं उतरविण्यास सौम्यता व चिकाटी लागते. आणि ऐकणाऱ्यास नम्रता लागते. या दोहोंच्या अभावीं किती माता गेल्या असतील, तें एक परमेश्वर जाणे.

कोणी म्हणेल, ती जुन्या अज्ञानाच्या काळची गोष्ट झाली. म्हणून दुसरें उदाहरण अलीकडच्या शतकांतलें देतों. दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेल्या नाजूक बालकांस कांचेच्या पेटींत ठेवून भरपूर प्राणवायु देण्याची रीत सन १९४० च्या सुमारास श्रीमंत देशांच्या उत्तम रुग्णालयांत पडली. बाळाचा श्वास सुधारे, रंग गुलाबी होई. परिचारिकांचा जीव सुखावे. पण त्यांतील पुष्कळ बाळें आंधळीं होऊं लागलीं. सन १९५१ मध्यें मेलबर्न येथील डॉक्टर केट कॅम्पबेल यांनीं प्राणवायूकडे बोट दाखविलें. मग अमेरिकेंतील अठरा रुग्णालयांनीं मिळून सन १९५३-५४ मध्यें रीतसर चांचणी केली. कांहीं बालकांस नेहमींप्रमाणें, तर कांहींस गरजेपुरताच प्राणवायु दिला. अतिरेकी प्राणवायूनेंच डोळे जातात, हें सिद्ध झालें. तोंवर जगांत सुमारे १०,००० बालकांची दृष्टि गेली होती. पुढें असेंही कळून आलें कीं, प्राणवायु फारच तोडला तर कांहीं बाळांच्या जिवावर बेततें. म्हणून किती द्यावा याचें मोजमाप पुढेंही चालूच राहिलें. येथें निष्काळजीपणा कोणाचाही नव्हता. होती ती मायाच. परंतु मोजमापाशिवायची माया आंधळी असते, आणि कधीं कधीं ती दुसऱ्यासही आंधळें करते.

अशी मोजदाद मोठ्या शहरांतच होते, आणि ती करण्यास पदवीधर डॉक्टरच लागतात, असाही समज करून घेऊं नका. आपल्याच महाराष्ट्रांत गडचिरोली जिल्ह्यांत डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग या दांपत्यानें सन १९८६ पासून काम आरंभिलें. खेड्यांतील नवजात बाळें मोठ्या संख्येनें मरत. रुग्णालय दूर, आणि ओल्या बाळंतिणीस घराबाहेर नेण्याची चाल नाहीं. त्यांनीं गांवांतल्याच स्त्रियांस शिकवून तयार केलें. त्या घरोघर जाऊन प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यु लिहीत, बाळाचें वजन करीत, त्यास ऊब व आईचें दूध मिळतें कीं नाहीं तें पाहत, आणि श्वास अडला किंवा जंतुबाधा झाली तर शिकविल्याप्रमाणें उपचार करीत. अशी सेवा ३९ गांवांत दिली. शेजारच्या ४७ गांवांत ती नव्हती, तेथें सरकारी व्यवस्था चालू होती तशीच राहिली. सेवेच्या तिसऱ्या वर्षीं, म्हणजे १९९७-९८ मध्यें, हजार जन्मांमागें महिन्याच्या आंत दगावणारीं बाळें या ३९ गांवांत सुमारें २५ होतीं, तर त्या ४७ गांवांत सुमारें ६०. सन १९९९ मध्यें हा हिशेब 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत जगापुढें आला. सन २०११ पासून आपल्या देशांत आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरीं ठरलेल्या दिवशीं भेटी देतात, त्या योजनेच्या मुळाशीं हा पुरावा आहे.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ती ४७ गांवें हिशेबांत धरलीं नसतीं, तर कोणीही म्हणूं शकला असता कीं, बाळें वांचलीं तीं पाऊसपाणी चांगलें झालें म्हणून, किंवा काळ सुधारला म्हणून. अमक्यास अमका पाला लागू पडला, तमक्याचा ताप अमुक काढ्यानें उतरला, असें आपण सहज बोलतों. पण तो काढा न घेतलेल्यांचा ताप उतरला कीं नाहीं, हें कोणीं विचारलें? बरा झालेला मनुष्य आपली कथा सांगत फिरतो. जो गेला तो सांगावयास येत नाहीं. म्हणून वहींत दोघांचीही नांवें लागतात.

चर्चला वही नवी नाहीं. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें सन १५६३ मध्यें धर्मग्रामांत बाप्तिस्म्याची व लग्नाची नोंद ठेवण्याचा दंडक घातला. इंग्लंडांत लंडनच्या पॅरिशांतील कारकून आठवड्याच्या मृत्यूंची यादी करीत. जॉन ग्राँट नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें त्या याद्या चाळून सन १६६२ मध्यें एक पुस्तक लिहिलें, आणि माणसांच्या जन्ममृत्यूंच्या गणिताचा पाया त्यानें घातला. एका साध्या कारकुनानें प्रामाणिकपणें लिहिलेली ओळ कोणाचें आयुष्य वांचवील, हें त्या कारकुनास ठाऊक नसतें.

परंतु वही ही दुधारी आहे. रुग्णानें सांगितलेली गोष्ट गांवाच्या चव्हाट्यावर आली, तर पुढच्या वेळीं तो खरें सांगणार नाहीं, आणि खोट्या नोंदीपेक्षां नोंद नसलेली बरी. तसेंच, नव्या औषधाची चांचणी माणसावर करावयाची तर त्यास सर्व समजावून, त्याच्या राजीखुशीनेंच ती केली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांतील अत्याचारांनंतर सन १९४७ मध्यें न्यूरेंबर्ग येथील न्यायाधीशांनीं हा नियम लिहून ठेवला. रुग्ण हा देवाच्या प्रतिमेप्रमाणें घडलेला मनुष्य आहे. तो आंकडा होण्यापूर्वींही मनुष्य असतो आणि नंतरही. आंकडे त्याच्या सेवेसाठीं आहेत, तो आंकड्यांसाठीं नाहीं.

आतां आपण काय करावें? आमच्या अल्प मतीस सुचतें तें सांगतों. घरांतील प्रत्येक आजाऱ्याचे कागद एका पिशवींत जपून ठेवा. कोणतें औषध, केव्हां सुरू केलें, त्यानें काय झालें, हें एका वहींत लिहा आणि डॉक्टरांकडे जातांना ती बरोबर न्या. औषध मध्येंच सोडलें असेल तर लाजूं नका, तसें सांगा. नाहींतर औषध निकामी ठरलें असें समजून डॉक्टर अधिक जालीम औषध देतील. आशाताई किंवा परिचारिका दारीं आली, तर तिच्या प्रश्नांचीं उत्तरें खरीं द्या. तिचा वेळ फुकट जात नाहीं आणि तुमचाही नाहीं. डॉक्टरांस नम्रपणें विचारा, या उपचारानें माझ्यासारख्या किती जणांस गुण आला? चांगल्या डॉक्टरास या प्रश्नाचा राग येत नाहीं. आणि आपल्यापैकीं जे आजाऱ्यांच्या भेटीस जातात, त्यांस आमची विशेष विनवणी आहे कीं, एकदां जाऊन प्रार्थना करून थांबूं नका. आठवड्यानें पुन्हां जा, आणि विचारा: बरें वाटलें का? काय कमी पडलें? आमचें कांहीं चुकलें का?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण. सेमेलवाइस यानें तो स्वतःस विचारला म्हणून आज जगांतील प्रत्येक शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशीं हात धुण्याची सोय आहे. प्रिय बंधुभगिनींनो, उत्सवाचे दिवे मालवतील, मंडप उतरेल. पण गल्लीच्या टोंकाच्या घरांत कोणी आजारी खाटेवर तसाच पडलेला असेल. त्याच्याकडे जाणें ही दया होय. त्याच्याकडे परत जाणें, आणि काय आढळलें तें प्रामाणिकपणें लिहून ठेवून पुढच्या आजाऱ्याची सेवा त्याहून चांगली करणें, ही दयेची पूर्तता होय. हें बळ दयाघन परमेश्वर आपणां सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.