सुईचें भय

सुईस भिऊन आम्हीही एकदां लशीच्या रांगेंतून घरीं परतलों आहों. हंसणाऱ्यांनीं आमची भीति घालविली नाहीं, वाढविली. भीति जुनीच आहे. 14 जून 1802 रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवी टोचल्या. हिंदुस्थानांत ती लस प्रथम लागली ती तेव्हां. पुढें असंख्य भित्र्यांनींही दंड पुढें केले, म्हणून 1980 सालीं देवीचा रोग जगांतून गेल्याचें जाहीर झालें.

सुई पाहून घेरी येते काय? नर्सबाईंस आधींच सांगा. आडवे पडा, टोचायचा हात सैल सोडा, मांड्या व पोट आवळून धरा; मग अर्धा तास तेथेंच बसा. शंका असेल ती डॉक्टरांस विचारा. आणि शेजारी भीत असेल तर त्यास हंसूं नका, त्याच्यासोबत जा!