उच्छ्वासावरून दम्याची पारख
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



धाप थांबली की दमा बरा झाला, ही समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. मग ओढावयाचा पंप फडताळात जातो, आणि पुढल्या थंडीत रुग्ण पुन्हा रात्रभर अंथरुणावर बसून राहतो. वस्तुतः धाप हे दम्याचे केवळ बाह्य रूप होय. मुळाशी असते ती श्वासनलिकांच्या अस्तराची सूज, आणि धाप ओसरल्यावरही ती मागे रेंगाळू शकते. या सुजेचा माग बाहेर टाकलेल्या श्वासावरून काढता येतो. मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्र सांगताना जीभ अडखळली तर सांभाळून घ्यावे.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू मोटारींच्या धुरातला म्हणून बदनाम आहे. (भूल देण्यासाठी वापरतात तो नायट्रस ऑक्साइड निराळा.) परंतु आपले शरीरही तो अत्यल्प प्रमाणात तयार करते. रक्ताभिसरणातील त्याचे संदेशवाहकाचे कार्य उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वीच, १९९१ मध्ये, स्वीडनमधील संशोधकांना तो माणसाच्या उच्छ्वासात आढळला होता. १९९३ मध्ये दमेकऱ्यांच्या उच्छ्वासात तो अधिक असल्याचे त्याच देशात दिसून आले. ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी तो जास्त निर्माण करतात.

तपासणीत सुई नाही, रक्त नाही. दीर्घ श्वास घ्यावयाचा आणि यंत्राच्या नळीत सेकंदाला ५० मिलिलिटर अशा संथ, एकसारख्या गतीने सुमारे १० सेकंद सोडावयाचा. लहान मुलांना ६ सेकंद पुरतात. जोराने फुंकल्यास आकडा कमी येतो, म्हणून गतीला एवढे महत्त्व. मोजमाप अब्ज भागांतील भागांत होते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०११ मध्ये सांगितल्याप्रमाणे प्रौढांत २५ पेक्षा कमी आकडा सूज नसण्याकडे, तर ५० पेक्षा अधिक आकडा ती असण्याकडे निर्देश करतो. बारा वर्षांखालील मुलांत हेच आकडे २० व ३५ आहेत.

खरा उपयोग पुढेच आहे. ओढावयाच्या स्टेरॉइड औषधाने ही सूज उतरते, तसा आकडाही उतरतो. औषध नेमाने चालू आहे असे रुग्ण सांगतो आणि आकडा मात्र चढाच राहतो, तेव्हा डॉक्टरांना विचारणे भाग पडते : पंप खरोखर रोज घेतला जातो का? नीट ओढला जातो का? घरच्यांनी ‘सवय लागेल’ म्हणून तो लपवून तर ठेवला नाही? अशी घरे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत.

आकडा सर्वज्ञ मात्र नव्हे. विडी-सिगारेटने तो खाली येतो, पालेभाजी किंवा बीट खाल्ल्याने वर जातो, आणि नाकाच्या ॲलर्जीतही वाढलेला आढळतो. आकडा कमी आला म्हणून दमा नाही, असेही म्हणता येत नाही. सर्वच दमा या प्रकारचा नसतो. म्हणून लक्षणे, छातीची तपासणी व फुंकून करावयाची स्पायरोमेट्री यांच्या जोडीनेच त्याचा अर्थ लावतात. हे यंत्र प्रत्येक आरोग्य केंद्रात सापडणार नाही. पण ते नाही म्हणून उपचार अडत नाहीत, आणि डॉक्टरांना न विचारता रोजचा पंप बंद करण्यास तर ते मुळीच कारण नव्हे.

ज्यांना ही तपासणी सांगितली जाईल त्यांनी आधी तासभर काही खाऊ-पिऊ नये, धूम्रपान करू नये. स्पायरोमेट्रीही व्हावयाची असेल तर ही आधी करून घ्यावी. आणि चालू असलेला पंप बरोबर न्यावा, म्हणजे तो कसा ओढला जातो हे डॉक्टरांना समक्ष पाहता येईल.