गोरेगावच्या प्रदर्शनात पाहिलेला नवा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, की तुम्ही मुंबईचे मोठे प्रदर्शन पाहून आलात, तर त्यावर चार शब्द बोला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चारचौघींत उभे राहून बोलायची सवय नाही. पण भांडी घासण्याची आहे, आणि तिकडे जे पाहिले ते भांड्यांचे नि घरच्या सामानाचेच होते, म्हणून हो म्हटले.

माझ्या धाकट्या भावाचे जेल रोडला भांड्यांचे दुकान आहे. २०२३ सालच्या जुलै महिन्यात तो मला म्हणाला, "ताई, माल मी भरतो, पण वापरणार बायका. एरवी हिला नेतो, पण तिच्या आईला बरे नाही. तू चल." दिवाळीच्या मालासाठी त्याने पतपेढीतून कर्ज काढले होते. न खपणारा माल घरात येऊन पडला तर हप्ता भरायचा कुठून, ही त्याची काळजी. तेव्हा मी काही हौसेने गेले नाही, कामाला गेले.

या प्रदर्शनाचे नाव 'एचजीएच इंडिया'. २०१२ सालापासून ते भरते आहे. घरातले कापड, सजावट, भांडीकुंडी आणि भेटवस्तू असा सारा माल तिथे असतो. मुंबईला ते गोरेगावच्या पूर्वेला, मोठ्या हमरस्त्याला लागून असलेल्या प्रदर्शन केंद्रात होते. आपण पंचवटीने दादरला उतरायचे आणि पश्चिम रेल्वेची गाडी धरायची. पण तुम्ही-आम्ही उठून गेलो तर आत घेत नाहीत, कारण ते व्यापाऱ्यांसाठी आहे. एकेक पातेले तिथे विकत मिळत नाही. माल नमुन्याला मांडलेला असतो, आणि घ्यायचा तर किमान इतके नग घेतलेच पाहिजेत असा करार असतो. माझ्याही गळ्यात भावाच्या दुकानाचे ओळखपत्र अडकवले होते. जर्मनीत फ्रँकफर्टला 'अँबिएन्टे' नावाची याहून मोठी जत्रा भरते म्हणे. आमचे पाय मात्र गोरेगावलाच भरून आले.

आता भांड्यांचे सांगते. सगळीकडे बोलबाला होता तो तीन थरांच्या पातेल्यांचा. आत स्टील, मधे अ‍ॅल्युमिनियम, बाहेर पुन्हा स्टील. नुसते स्टील उष्णता सगळीकडे सारखी पसरवत नाही, म्हणून आपले दूध मधोमध लागते. अ‍ॅल्युमिनियम ती पसरवते, पण ते आत झाकलेले असल्यामुळे अन्नाला लागत नाही. ही मला खरोखर अक्कल लढवून केलेली वस्तू वाटली. वजनाला जड आहे, किंमतही जड आहे.

भावाने खिशात एक छोटा लोहचुंबक नेला होता. प्रत्येक भांड्याच्या बुडाला तो लावून बघे. विजेच्या इंडक्शन शेगडीवर तेच भांडे तापते, ज्याच्या बुडाला चुंबक चिकटतो. आपल्यातल्या पुष्कळ जणींचा समज आहे, की चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम. तसे नाही बरे का. ज्यात क्रोमियम सुमारे अठरा टक्के आणि निकेल आठ टक्के, ते ३०४ नंबरचे स्टील चांगले. त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले २०२ नंबरचे हलके स्टील असते, त्यालाही चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने शेगडीपुरते कळते, दर्जाचे कळत नाही. दर्जासाठी भांड्यावरचा नंबर वाचावा आणि आयएसआयची खूण पाहावी. ही खूण स्टीलच्या व अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांवर सक्तीची करण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२४ साली काढला.

न चिकटणाऱ्या तव्यांचे तर डोंगर होते. निळे, गुलाबी, दगडासारखे ठिपके असलेले. रंग कोणताही असो, प्रश्न वरच्या लेपाचा. नेहमीचा जो काळा लेप असतो तो सुमारे २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तिथवर जायला वेळ लागत नाही. आपण भाकरीला तवा कसा तापवतो ते आठवा. मी तिथल्या मुलाला विचारले, "लेप गेला तर पुन्हा चढवून मिळतो का?" तो म्हणाला, "मावशी, तेव्हा नवा घ्यायचा." तो खरे तेच बोलला. आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली, तुम्ही हसाल. असल्या तव्यावर आतून नाव घालता येत नाही. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव आणि तारीख घातलेली असते, लेकीसुना ती पुढे वापरतात. ज्या वस्तूला चार-पाच वर्षांतच निरोप द्यायचा तिच्यावर नाव तरी कोणाचे घालणार?

पण माझे पाय खरे थबकले ते पितळ-तांब्याच्या दालनाशी. काय मांडणी! मंद दिवे सोडलेले, आणि त्याखाली आपले घंगाळ! हो, तेच अंघोळीचे घंगाळ, आत पाणी घालून फुले सोडलेली. पितळी डबे, मसाल्याचे पाळे, ठोक्यांच्या खुणा असलेले तांब्याचे तांबे आणि बाटल्या. जवळचा मनुष्य गिऱ्हाइकाला इंग्रजीत सांगत होता, की ही हाताच्या ठोक्यांची खूण आहे. त्याला आपले तांबट मठारकाम म्हणतात. ठोके नुसते शोभेचे नसतात. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, भांड्याला सहज पोचा पडत नाही. पुण्याला कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथल्या कारागिरांचे हे काम नावाजलेले. आणि पुण्याला कशाला जायचे? आपल्या जुन्या नाशकात भांडीबाजार आहे, तांबट लेन आहे. गोदावरीवर आलेला यात्रेकरू गंगेचा गडू नेतो, तो तांब्याचाच.

माझ्या सासूबाई सांगत, की त्यांच्या वेळी घरोघर पितळ मोडीत निघाले. स्टील नवे, त्याला चिंच नको, राख नको, कल्हई नको. बाईच्या हाताचा त्रास वाचला, आणि तो वाचायलाच हवा होता. चूल, विहीर आणि वर पितळेची घासाघास हे ज्यांनी केले त्यांना विचारा. मी त्या पिढीला नावे ठेवणार नाही. मला एवढेच दिसले, की किलोच्या भावाने जे घराबाहेर गेले ते आता दिव्याखाली ठेवून कितीतरी पट किमतीने घरात यायला निघाले आहे. बरे, येते ते अर्धेच येते. वस्तू येते, तिचे शास्त्र येत नाही. तिथल्या एका मुलीला मी विचारले, "या पातेल्याला आतून कल्हई आहे का?" ती बिचारी गोंधळली. पितळेत किंवा तांब्यात आंबट शिजवले, ताक ठेवले, तर ते कळकते. म्हणून आतून कथलाचा लेप, म्हणजे कल्हई. कथील २३२ अंशांनाच वितळते, तेव्हा कल्हईचे भांडेही रिकामे चुलीवर ठेवायचे नाही. पण ते बिघडले तर नवसागर लावून पुन्हा कल्हई करता येते, दहा वेळा करता येते. तव्यात आणि त्यात फरक तो हा. बाटल्यांचेही तसेच. काहींना चकाकी टिकावी म्हणून बाहेरून पारदर्शक लेप दिलेला असतो. तुम्ही सवयीने चिंचेने खसाखसा घासायला गेलात तर लेप निघून डाग पडतात. आणि तांब्याच्या बाटलीत लिंबाचे सरबत कधीही भरू नये, मुलांना निक्षून सांगा.

लाकडी सामानाचे थोडक्यात सांगते, कारण तोवर मी दमले होते. लहान घरांसाठी घडीच्या वस्तू पुष्कळ होत्या. भिंतीला मिटणारे मेज, पेटीचा पलंग, एकात एक बसणारी स्टुले. एक कपाट फार देखणे होते, पण जमिनीपासून जेमतेम तीन बोटे उंच. मी विचारले, "याखाली केरसुणी कशी जायची?" ज्याने ते आखले तो तरुण तिथेच होता. तो वाकून बघू लागला. त्याने आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतले, हे मला आवडले. दुसरे म्हणजे, यातले बरेचसे सामान भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे असते. वरून सागासारखे दिसते, पण कडेची पट्टी सुटली आणि पाणी आत गेले की फळी फुगते, आणि फुगलेली फळी सुताराकडे नेऊन उपयोग नाही. आपण फरशा धुणारी माणसे. स्वयंपाकघरात प्लायवूडच घ्यावे, आणि मोरीजवळ तर आयएस ७१० लिहिलेले.

सामान भक्कम हवे असेल तर एक दुकान आपल्या दाराशी आहे. आपल्या मध्यवर्ती कारागृहात बंदी लोक सुतारकाम करतात, विणकाम करतात, पैठणीसुद्धा विणतात, आणि तो माल बाहेर विक्रीला असतो. आपण रोज त्या भिंतीवरून जातो, पण लग्नाचे सामान घ्यायला ठाण्या-मुंबईच्या झगमगाटी दुकानांत धावतो.

एका दालनात पाणवेलीच्या टोपल्या नि बसायची गोल आसने होती. होय, गोदावरीत माजते तीच पाणवेल. तिचे देठ वाळवून वळतात. ईशान्येकडे आसामात बायका हे काम करतात. आपल्याकडे ती यंत्राने काढून टाकावी लागते. दांड्या वाळवायला उन्हाची जागा आणि शिकवणारे कोणी मिळाले तर आपल्या मंडळातल्या रिकाम्या दुपारी त्यात जातील असे मला वाटते. पण घाण पाण्यातली वेल धुवायची किती आणि हाताला काय होईल, हे आधी विचारले पाहिजे, म्हणून आत्ताच मी त्याचा ठराव मांडत नाही.

भावाने काय घेतले ते सांगायचे राहिले. तीन थरांची पातेली त्याने थोडीच घेतली, पण घेतली. रंगीत तवे माझ्या सांगण्यावरून निम्म्यावर आणले. घडीचे मेज त्याला फार आवडले होते, नमुन्याला एक आणले, ते अजून दुकानात आहे आणि त्यावर बिलांचे पुस्तक असते. पितळेचा माल मात्र तिथे मागवला नाही. परत आल्यावर आम्ही दोघे भांडीबाजारात गेलो, आणि डबे नि पातेली तिथून आणली. त्या दिवाळीत डबे गेले, पातेली मागे राहिली. गिऱ्हाईक बाई पातेले हातात घेई, आणि विचारी, "कल्हई कुठे करून मिळते हो?" या प्रश्नाचे उत्तर भावापाशी नव्हते. पातेली राहिली ती पितळ महाग म्हणून नव्हे, तर कल्हईवाला दारावर येईनासा झाला म्हणून.

त्यावर मी आणि भावाने मिळून एक कल्हईवाला शोधला आहे. एकेका घरासाठी भट्टी लावायला त्याला परवडत नाही, पण पन्नास तरी नग एका जागी जमले तर तो येईन म्हणतो. कार्यकारिणीने मंडळाच्या मागच्या अंगणात एक दिवस द्यायचे मान्य केले आहे. तारीख फळ्यावर लागेल. ज्यांची पातेली माळ्यावर आहेत त्यांनी ती खाली काढून, चिंचेने घासून, कोरडी करून आणावीत. तडा गेलेली आणू नयेत, त्याला डाग द्यायचा तो आधी. आणि भांड्यावर नाव घातलेले नसेल तर कडीला सुतळीने चिठ्ठी बांधावी, कारण पितळी पातेली सगळ्यांची सारखीच दिसतात, आणि मागच्या हळदीकुंकवाला वाट्यांचा जो घोळ झाला तो तुम्हांला ठाऊकच आहे.